पुढचं कंत्राट कसं मिळवायचं? नव्या फ्रीलान्सरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डेटाबेसचं काम कंत्राटावर करते. नोकरी सोडून नुकतेच या बाजूला आलेले लोक मला जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक सॉफ्टवेअरची आहेत, कारण मला तेच माहीत. पण डिझाइन, लेखन, अकाउंट्स, ड्रॉइंग अशा कामांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. पहिलं कंत्राट कसं मिळवायचं ते इथे नाही. पहिलं बहुतेकांना कसंतरी मिळतंच. जुना बॉस बोलावतो, नाहीतर एखादा मित्र ओढून नेतो. घाम फुटतो तो दुसऱ्याच्या वेळी.

१. माझं पहिलं कंत्राट संपायला तीन महिने आहेत. आत्तापासून शोधायला लागलो तर घाई होईल का?

अर्ज करायला घाई होईल, बोलायला नाही. कंत्राटी माणूस बहुतेकदा कोणीतरी मध्येच सोडून गेलं किंवा डेडलाइन अंगावर आली म्हणून हवा असतो. 'दोन आठवड्यांत सुरू करू शकाल का?' हा ठरलेला प्रश्न. तिथे 'तीन महिन्यांनी मोकळा होईन' म्हणालात की फोन संपला.

माझा क्रम असा असतो. बारा आठवडे आधी ओळखीच्या लोकांना नुसती खबर. सहा आठवडे आधी चालू क्लायंटला मुदतवाढीबद्दल स्पष्ट विचारणा. चार आठवडे उरले की एजन्सीज (कंपन्यांना कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या) आणि अर्ज. शेवटचा आठवडा फक्त हँडओव्हरचा, म्हणजे काम पुढच्या माणसाकडे नीट सोपवण्याचा. त्या आठवड्यात मुलाखतींच्या मागे पळून हँडओव्हर अर्धवट टाकला, तर पुढे कित्येक वर्षं कामाला येणारा रेफरन्स हातचा जातो.

२. मॅनेजर म्हणतात मुदतवाढ नक्की आहे. मग उगाच कशाला शोधू?

माझ्या दुसऱ्या कंत्राटात मॅनेजर लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, 'तुझं एक्स्टेन्शन झाल्यात जमा आहे, फक्त वरची सही बाकी.' मी निर्धास्त झाले. त्या महिन्यात एजन्सीचे दोन फोन आले, दोघांनाही नाही म्हटलं. शेवटच्या बुधवारी कळलं की नव्या तिमाहीचं बजेट गोठवलंय. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप जमा केला आणि पुढचे नऊ आठवडे घरी बसले. मॅनेजर खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. सही त्यांच्या हातात नव्हती, एवढंच.

म्हणून आता मी तीन गोष्टी विचारते, आणि ईमेलवर विचारते : सही कोणाची लागते, ती कोणत्या तारखेपर्यंत होईल, आणि नवी परचेस ऑर्डर (पीओ, म्हणजे कंपनीने काढलेली कामाची लेखी ऑर्डर) कोण काढतं. उत्तरात नाव आणि तारीख आली तर बरं लक्षण. 'बघतो, होऊन जाईल' असं आलं तर ती बोलाचीच कढी. नवा पीओ किंवा सही झालेलं पत्र हातात येईपर्यंत शोध चालू ठेवा. मधल्या काळात एजन्सीचा फोन आला तर 'मुदतवाढीची बोलणी चालू आहेत, अमुक तारखेला कळेल' असं खरं तेच सांगा. त्यांना याची सवय असते.

३. मी फारसा मिसळणारा माणूस नाही. ओळखीच नाहीत तर काम कसं येणार?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, की ज्याच्याकडून बातमी मिळाली त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होतात? 'वारंवार' म्हणणारे निघाले १६.७ टक्के, 'अधूनमधून' म्हणणारे ५५.६ टक्के आणि 'क्वचित' म्हणणारे २७.८ टक्के. पाहणी छोटी होती आणि कंत्राटांची नव्हे, नोकऱ्यांची होती. पण कारण कंत्राटांनाही तितकंच लागू आहे : तुमच्या जिवलग मित्राला ज्या बातम्या कळतात, त्या तुम्हालाही आधीच कळलेल्या असतात. नवी बातमी येते ती दुसऱ्या गोतावळ्यातल्या, नुसत्या तोंडओळखीच्या माणसाकडून.

तेव्हा कागद घ्या आणि मागच्या पाच वर्षांत ज्यांच्यासोबत महिनाभर तरी काम केलं त्यांची नावं लिहा. दुसऱ्या टीममधले, तुमच्या आधी नोकरी सोडून गेलेले, व्हेंडरकडून येणारे. पार्टीला जाणाऱ्याला ओळखी असतात असा समज आहे. प्रत्यक्षात महिनाभर एकत्र बग शोधलेला माणूस तुमची जास्त खात्री देतो.

सगळ्यात जास्त विसर पडतो तो शेजारच्या टेबलावरच्या कंत्राटी लोकांचा. त्यांना आपण प्रतिस्पर्धी समजतो. पण ज्याच्या हातात काम आहे त्याला रोज नव्या कामाचे फोन येतात आणि ते त्याला नाकारावे लागतात. नाकारल्यावर रिक्रूटर, म्हणजे एजन्सीतर्फे माणसं शोधणारा, हमखास विचारतो, 'तुमच्या माहितीत दुसरं कोणी आहे का?' त्या क्षणी त्याला तुमचं नाव आठवलं पाहिजे. तुमच्याकडे असे फोन आले की तुम्हीही दुसऱ्यांची नावं द्या.

४. काम मागणारा मेसेज लिहायला लाज वाटते. नेमकं काय लिहू?

'हाय, सध्या काम शोधतेय, काही असेल तर कळव' हा मेसेज मला आठवड्यातून एकदा तरी येतो. तो वाचून मी काहीही करू शकत नाही. कोणतं काम? कधीपासून? आता हा पाहा :

'नमस्कार. बिलिंग सिस्टीमच्या मायग्रेशनवर आपण एकत्र होतो, तुम्ही रिपोर्टिंगच्या टीममध्ये होता. माझं सध्याचं काम ३० तारखेला संपतंय. मोठ्या डेटाबेसचं मायग्रेशन आणि स्लो क्वेरींची दुरुस्ती अशी तीन ते सहा महिन्यांची कामं मी घेते. तुमच्याकडे काही नसेल तर अजिबात हरकत नाही. पण कोणाकडे असं काम निघाल्याचं कानावर आलं, तर माझं नाव सांगाल का?'

यात मी कोण ते आठवावं लागत नाही, तारीख आहे, कामाचं नाव आहे, मुदत आहे. वाचणाऱ्याला तो जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. 'हरकत नाही' या शब्दांनी त्याला मोकळीकही मिळते, त्यामुळे उत्तर येतं. सीव्ही सोबत जोडू नका, मागितला की द्या. एकाच वेळी चाळीस जणांना तोच मजकूर पाठवू नका, पहिली ओळ प्रत्येकाची वेगळी असली पाहिजे. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

लाजेबद्दल एवढंच : दुकान उघडं आहे असं सांगण्यात कसली लाज?

५. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' लावलं आणि चालू क्लायंटला दिसलं तर?

त्याचे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती सगळ्यांना दिसते. दुसऱ्यात फक्त रिक्रूटरांना दिसतं, आणि तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरांपासून ते लपवायचा लिंक्डइन प्रयत्न करतं. पूर्ण खात्री मात्र ते स्वतःही देत नाहीत. नोकरदाराने इथे जपून राहावं. कंत्राटदाराची संपायची तारीख क्लायंटला पहिल्या दिवसापासून माहीत असते, त्यामुळे लपवण्यासारखं फारसं काही नाही.

हिरव्या पट्टीपेक्षा नावाखालच्या ओळीकडे लक्ष द्या. 'सिनिअर कन्सल्टंट' असं तिथे कोणी शोधत नाही. लोक शोधतात ते टूलचं आणि कामाचं नाव. ते लिहा आणि मोकळे होण्याची तारीख लिहा.

६. एजन्सीमार्फत जावं की थेट क्लायंट गाठावा?

पहिल्या दोन-तीन कामांसाठी एजन्सी, असं माझं मत आहे. बऱ्याच मोठ्या कंपन्या एकट्या माणसाला पुरवठादार म्हणून नोंदवूनच घेत नाहीत. त्यांची यादी ठरलेली असते आणि त्या यादीतल्या एजन्सीखेरीज दार उघडत नाही.

एजन्सी किती घेते हे विचारताना टक्के कशाचे ते नीट विचारा. क्लायंटकडून १०० घेतले आणि तुम्हाला ८० दिले, तर कोणी त्याला २० टक्के मार्जिन म्हणेल आणि कोणी तुमच्या दरावर २५ टक्के. दोन्ही बरोबर, रक्कम तीच. मी स्वतः मार्जिनवरून फार भांडत नाही. बिलाचे पैसे कधी मिळणार आणि क्लायंटने बुडवले तर कोणाचे बुडाले, यावर भांडते. 'क्लायंटकडून पैसे आल्यावरच तुम्हाला देऊ' असं कलम असेल तर एजन्सी मार्जिन घेतेय आणि जोखीम मात्र तुमच्या गळ्यात टाकतेय. ते कलम काढायला सांगा. नाहीच काढलं तर त्याला कमाल दिवसांची मर्यादा घालून घ्या.

७. रिक्रूटर पहिल्याच फोनवर विचारतात, आधीचे मॅनेजर कोण होते आणि अजून कुठे मुलाखती चालू आहेत. सांगायचं का?

नाही. कुठे मुलाखत चालू आहे हे कळलं की ते तिथे स्वतःची माणसं पाठवू शकतात. आधीच्या मॅनेजरचं नाव आणि नंबर म्हणजे त्यांच्या विक्री विभागाला आयता मिळालेला पत्ता. कधीकधी जाहिरातीतलं काम अस्तित्वातच नसतं. ही माहिती आणि सीव्ही गोळा करण्यासाठी जाहिरात टाकलेली असते.

'क्लायंटची मुलाखत झाली आणि दोन्ही बाजूंनी रस असला, की रेफरन्स देते' एवढं म्हणायचं. खरं काम असेल तर रिक्रूटर अडून बसत नाही.

८. एकाच कामासाठी दोन एजन्सींचे फोन आले. दोघांनाही सीव्ही पाठवू?

असं केलंत तर बहुधा दोन्हीकडून बाद व्हाल. एकाच माणसाचा सीव्ही दोन एजन्सींकडून आला की कमिशन कोणाचं यावर वाद होतो, आणि त्यात पडण्यापेक्षा क्लायंट तो सीव्ही बाजूला टाकतो. म्हणून फोनवर क्लायंटचं नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवायची परवानगी देऊ नका, आणि परवानगी ईमेलवर द्या : 'अमुक क्लायंटच्या अमुक कामासाठी, अमुक दराने, माझा सीव्ही पाठवायला हरकत नाही.' त्याच ओळीने दरही पक्का होतो.

तारीख, एजन्सी, क्लायंट, काम, दर अशा पाच रकान्यांची एक साधी शीट ठेवा. दहा अर्जांनंतर काहीही आठवत नाही.

९. अपवर्क, फायवर अशा फ्रीलान्स कामांच्या वेबसाइटवर काम मिळतं का, की वेळ फुकट जातो?

मिळतं, पण तो वेगळा बाजार आहे. फायवरवर तुम्ही तुमची सेवा मांडून ठेवता आणि गिऱ्हाईक येतं. अपवर्कवर बहुतेक वेळा क्लायंट काम टाकतो आणि तुम्ही प्रस्ताव पाठवता. त्यासाठी 'कनेक्ट्स' खर्च होतात, म्हणजे उगाच पाठवलेल्या प्रस्तावालाही पैसे पडतात. छोटी, नेमकी, लवकर संपणारी कामं तिथे चांगली चालतात. सहा महिने रोजच्या दराने काम हवं असेल तर मी तिथून सुरुवात करणार नाही. मधला रिकामा महिना भरून काढायला आणि दोन-तीन जाहीर अभिप्राय मिळवायला उपयोग होतो.

१०. सीव्हीत तीन-तीन महिन्यांची कामं दिसतात. 'टिकत नाही' असं वाटेल का?

नोकरीच्या सीव्हीसारखा मांडलात तर वाटेल. कंत्राटी काळाला स्वतःच्या नावाचं एकच मोठं शीर्षक द्या आणि त्याखाली प्रत्येक काम लिहा. प्रत्येकापुढे 'कंत्राट, चार महिने, एकदा मुदतवाढ' असं स्पष्ट लिहा. मुदतवाढ किंवा पुन्हा बोलावणं झालं असेल तर ते ठळक करा, कारण वाचणाऱ्याच्या लेखी ते सगळ्यात मोठं प्रमाणपत्र आहे. मधले रिकामे महिने लपवायला तारखा ताणू नका. रिकामा काळ कंत्राटी माणसाला माफ असतो, खोटी तारीख नसते.

११. एनडीए (गोपनीयतेचा करार) सही केलाय. मग केलेलं काम दाखवू कसं?

क्लायंटचं नाव, आकडे आणि स्क्रीनशॉट सोडून द्या. अडचण आणि तुम्ही काढलेला मार्ग सांगा. 'एका विमा कंपनीत रात्रभर चालणारा रिपोर्ट सकाळी ऑफिस उघडायच्या आत संपत नव्हता, तो संपायला लागला' यातून कंपनी ओळखू येत नाही. पण काही एनडीएंमध्ये संबंध होता हेसुद्धा सांगायला बंदी असते, म्हणून सही केलेली प्रत एकदा उघडून वाचा. उत्तम मार्ग म्हणजे काम संपण्यापूर्वीच मॅनेजरला विचारून 'एवढं लिहिलं तर चालेल ना?' अशी दोन वाक्यं मंजूर करून घेणं. नंतर ते मॅनेजर तिथे असतीलच असं नाही.

१२. दर काय सांगू? आधीच्या पगाराला दिवसांनी भागलं तर चालेल का?

चालणार नाही, आणि नवे लोक सर्वात जास्त इथेच फसतात. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे कामाचे २६० दिवस. त्यातून सार्वजनिक सुट्ट्यांचे १०, स्वतःच्या रजेचे १५, आजारपणाचे ५ आणि दोन कंत्राटांमधल्या सहा आठवड्यांचे ३० दिवस वजा करा. उरले २००. नोकरीत २६० दिवसांचे पैसे मिळत होते, इथे बिल २०० दिवसांचं. म्हणजे नुसती बरोबरी साधायलाच दर ३० टक्के जास्त हवा. लॅपटॉप, सॉफ्टवेअरची लायसन्स, विमा, म्हातारपणाची तरतूद, अकाउंटंटची फी हे सगळं अजून त्यावर चढायचंय.

जुन्या फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन यायचा. तुम्ही आता शिलेदार झालात. घोड्याचा चारा दरातूनच निघाला पाहिजे.

हिशोबाने निघालेला आकडा हा तुमचा खालचा आकडा. वरचा आकडा बाजार ठरवतो, आणि तो कळतो शेजारच्या कंत्राटी लोकांना विचारून (प्रश्न ३). रिक्रूटरने 'तुमची अपेक्षा?' विचारलं की 'या कामाला क्लायंटने काय बजेट ठेवलंय?' असं उलट विचारा. निम्म्या वेळा उत्तर मिळतं.

१३. दर दहा टक्के कमी देतायत, पण काम लगेच आहे. घेऊ का?

गणित मांडा. सहा महिन्यांचं काम म्हणजे २६ आठवडे, १३० दिवस. दहा टक्के कमी म्हणजे १३ दिवसांची कमाई गेली. आता स्वतःला विचारा, पूर्ण दराचं काम मला १३ कामाच्या दिवसांत, म्हणजे साधारण अडीच आठवड्यांत मिळेल का? मिळेल असं वाटण्याइतकी बोलणी चालू असतील तर थांबा. नसतील तर घ्या. तीन महिन्यांच्या कामात हीच मर्यादा साडेसहा दिवसांवर येते, म्हणजे छोट्या कामात थांबणं आणखी महाग.

कमी दर घेतलात तर बदल्यात काहीतरी मागा : घरून काम, बिल लवकर मिळणं, किंवा 'तीन महिन्यांनी दराचा फेरविचार' असं लेखी वाक्य. नुसताच कमी केलेला दर मुदतवाढीतही तसाच चिकटून राहतो.

१४. निवडीआधी फुकट टेस्ट करून मागतात. करू का?

तास-दोन तासांची, सगळ्यांना सारखी दिलेली असेल तर करा. त्यांच्याच खऱ्या प्रोजेक्टचा तुकडा करून मागत असतील तर त्याला टेस्ट म्हणत नाहीत, काम म्हणतात. 'एका दिवसाचं बिल लावून आनंदाने करते' असं उत्तर द्या.

१५. कंत्राटाची मुलाखत नोकरीच्या मुलाखतीपेक्षा वेगळी असते का?

छोटी असते आणि तुमच्या भविष्यात तिला रस नसतो. 'पाच वर्षांनी कुठे असाल?' असं विचारत नाहीत. 'हे तुटलंय, सोमवारी आल्यावर आधी काय पाहाल?' असं विचारतात. त्याचं उत्तर तयार ठेवा. आणि तुम्हीही विचारा : हे काम आधी कोण करत होतं, आणि ते का गेले?

१६. हाताशी किती पैसे ठेवावेत?

लोक पुढचं काम सुरू होईपर्यंतचे दिवस मोजतात. मोजायचे ते पुढचे पैसे खात्यात पडेपर्यंतचे. काम १ तारखेला सुरू झालं, बिल महिनाअखेरीला गेलं आणि मुदत ३० दिवसांची असेल, तर पहिली रक्कम कामाच्या पहिल्या दिवसानंतर साठ दिवसांनी येते. त्याआधी दोन महिने रिकामे गेले असतील तर चार महिन्यांचा खर्च हाताशी हवा. चांगल्या महिन्यातल्या बिलातून आधी कर वेगळ्या खात्यात टाका, मग हा साठा, मग बाकीचं. कराचे पैसे साठा म्हणून वापरू नका, ते तुमचे नाहीत.

बिल आठवड्याला किंवा पंधरवड्याला लावता येतं का हेही करारापूर्वी विचारा. बऱ्याचदा येतं. कोणी विचारतच नाही.

१७. तीन महिने झाले, काहीच मिळत नाही. कुठे चुकतंय?

शीट उघडा (प्रश्न ८). फोनच येत नसतील तर सीव्ही किंवा तुम्ही निवडलेली कामं चुकतायत. फोन येतात पण सीव्ही क्लायंटकडे जात नाही, तर बहुधा दर किंवा तारीख. मुलाखती होतात पण निवड नाही, तर मुलाखतीतलं काहीतरी; अशा वेळी रिक्रूटरला फोन करून सरळ विचारा, लिहून कोणी सांगणार नाही. शीटमध्ये ऐंशी अर्ज आणि चार संभाषणं दिसत असतील, तर अर्ज थांबवा आणि प्रश्न ३ मधली यादी काढा.

कधीकधी तुमचं काहीच चुकत नसतं. कंपन्यांचं बजेट वर्ष संपत आलं की नवी कामं थांबतात आणि नव्या वर्षाची मंजुरी आली की एकदम सुटतात.

१८. तोवर कायमची नोकरी घेतली तर हरल्यासारखं होईल का?

मुळीच नाही. फक्त 'कंत्राट मिळालं की सोडू' असं मनात ठेवून, ते न सांगता नोकरी घेऊ नका. ठरावीक मुदतीची नोकरी, कोणाच्या रजेच्या काळातली जागा असं मागितलं तर दोन्ही बाजूंना सोयीचं पडतं.

१९. काम सुरू होऊन महिना झाला आणि दुसरीकडून ३० टक्के जास्त दर आला. सोडू का?

करारात नोटीस असेल तर कायद्याने सुटता येईल. मी सोडणार नाही. ज्या मॅनेजरांना अर्ध्यावर सोडाल, ते पुढच्या दहा वर्षांत आणखी तीन-चार कंपन्यांत जातील आणि तिथे तुमचं नाव निघेल तेव्हा खोलीत बसलेले असतील. नव्या क्लायंटला खरी तारीख सांगा; काहीजण थांबतात. अपवाद एकच : बिलं थकत असतील तर निष्ठेचा प्रश्नच येत नाही, नोटीस द्या आणि निघा.

२०. एजन्सीचं कंत्राट संपलं. आता क्लायंट म्हणतो, थेट आमच्याकडे या. चालेल?

करार उघडा. बहुतेक एजन्सी करारांत असं कलम असतं, की काम संपल्यावर काही महिने, साधारण सहा ते बारा, त्या क्लायंटकडे थेट किंवा दुसऱ्या एजन्सीमार्फत जायचं नाही. ते कोर्टात कितपत टिकतं हे देशागणिक वेगळं. पण तसंच कलम क्लायंट आणि एजन्सीच्या करारातही असू शकतं, आणि ते मोडलं तर भरपाई क्लायंटला द्यावी लागते. म्हणून चोरून काही करू नका. क्लायंटलाच एजन्सीशी बोलायला सांगा. बऱ्याचदा एकरकमी फी देऊन किंवा मार्जिन कमी करून मार्ग निघतो.

२१. एकच क्लायंट दोन वर्षं मुदतवाढ देतोय. मग शोधायची कटकटच नाही. यात काही धोका?

दोन आहेत. पहिला कराचा. फक्त एकाच ठिकाणी, त्यांच्या वेळेत, त्यांच्या हुकमाने काम करणारा माणूस हा कंत्राटदार नसून लपलेला नोकरदार आहे, असं अनेक देशांचं कर खातं मानतं. ब्रिटनमध्ये यासाठी २००० सालापासून आयआर३५ नावाचे नियम आहेत, आणि २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या क्लायंटनाच हे ठरवण्याची जबाबदारी दिली आहे. तुमच्या देशात काय नियम आहे ते अकाउंटंटला विचारा.

दुसरा धोका हळूहळू कळतो : दोन वर्षांत तुमच्या यादीतली माणसं पांगतात आणि शोधायची सवय मोडते. मी मुदतवाढीतसुद्धा महिन्याला दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन करते, काम न मागता.

२२. काम देतो म्हणून रजिस्ट्रेशन फी मागतायत. हे खरं असतं का?

नाही. कंत्राट देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही. तसंच, 'चुकून जास्त रक्कम पाठवली, उरलेली परत करा' असं कोणी म्हटलं तर एक पैसाही परत पाठवू नका. आधीची रक्कम खोट्या चेकची असते आणि काही दिवसांनी बँक ती काढून घेते. मुलाखतीशिवाय, नुसत्या चॅटवर मिळालेल्या कामालाही हाच नियम.

२३. सही झाली, पण सुरू व्हायची तारीख दोनदा पुढे गेली. अजून थांबू?

करारात सुरुवात लांबली तर काय, हे बहुधा लिहिलेलंच नसतं, आणि काम सुरू होईपर्यंत ते तुम्हाला काहीही देणं लागत नाहीत. म्हणून पहिल्यांदा तारीख ढकलली तेव्हाच शोध पुन्हा चालू करायचा. त्यांना विनयाने लिहा : 'सोमवारपर्यंत लॉगिन आणि पीओ नंबर आला तर मी नक्की येते. नाहीतर माझे हे आठवडे मला दुसऱ्यांना द्यावे लागतील.' सोमवार गेला आणि दुसरं काम आलं, तर ते घ्या. प्रश्न १९ मधली गोष्ट वेगळी होती, तिथे काम सुरू झालं होतं. करारातलं नोटीसचं कलम पाहून, तारीख घालून, दोन ओळींचं लेखी पत्र पाठवा आणि फोनही करा. माझ्याकडून असा फोन गेल्यावर एका क्लायंटने दुसऱ्याच दिवशी लॉगिन पाठवलं होतं. तोवर मी दुसरीकडे होकार कळवला होता.